आमच्या लाल मातीचे इंटरलॉक ब्लॉक

आमचं दाबलेल्या मातीच्या ब्लॉकचं घर बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण भिंतीवर हात फिरवतो आणि विचारतो, दोन थरांमध्ये माल नाही, मग ही भिंत उभी कशी राहते? बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, घरं आहेत, भट्टीच्या विटांची आहेत, भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटांची, जुनी घरंही अजून आहेत. या तिन्ही कामांत माल हा असतोच, मग तो सिमेंटचा असो की चिखलाचा. नुसते ब्लॉक एकावर एक बसवलेली भिंत बघितली की माणसाचा हात आधी ती ढकलून बघायला जातो. प्रश्न रास्त आहे.

ब्लॉकच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे असतात आणि खालच्या अंगाला त्याच मापाचे दोन खळगे. मधून दोन आरपार भोकं. वरच्या ब्लॉकचा खळगा खालच्याच्या उंचवट्यावर बसला की ब्लॉक आत-बाहेर किंवा डावी-उजवीकडे सरकत नाही. त्या कुलपाचं काम एवढंच. भार घेतो तो ब्लॉकचा घट्टपणा. वाऱ्याला आणि हादऱ्याला तोंड देतात त्या भोकांतून सोडलेल्या सळ्या आणि घराभोवती फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या. आणि हे सगळं नीट बसणार की नाही याचा निकाल पहिला ब्लॉक ठेवण्याच्या कितीतरी आधी, माती चाळताना आणि दाबताना लागलेला असतो. म्हणून या घराबद्दल सांगताना मी मातीबद्दलच जास्त बोलतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्यात आमच्या गावठाणातल्या घराची पश्चिमेची भिंत बसली. भेंड्यांची भिंत होती, आजोबांच्या वेळची. त्या महिन्यात जिल्हाभर अशी घरं पडली. नदीकाठी पुराने पडली आणि आमच्यासारख्या ठिकाणी नुसत्या झडीने. भेंड्याची भिंत वरून पाणी लागून सहसा पडत नाही. जोत्याजवळ पागोळ्यांचं पाणी उडत राहतं, तळाचे दोन-तीन थर भिजून लोण्यासारखे मऊ होतात आणि वरचा भार त्यांना पेलवत नाही. आमचीही तशीच, खालून सुटली. आई त्या वेळी चुलीकडे होती, म्हणून वाचली.

त्यामुळे पुढे काही वर्षांनी पैसे जमल्यावर मी "घर मातीच्याच ब्लॉकचं बांधूया" म्हणालो तेव्हा आईने सरळ नकार दिला. "माती पडली म्हणून तर हा वनवास. परत मातीच आणतोस?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एका कामावरून दोन तयार ब्लॉक आणले आणि एक ब्लॉक पाण्याच्या बादलीत टाकला. शेजारी दुसऱ्या बादलीत पडलेल्या भिंतीतला जुना भेंडा ठेवला. भेंडा संध्याकाळपर्यंत गाळ होऊन बसला. ब्लॉक सकाळी बाहेर काढला तेव्हा कडा जशाच्या तशा होत्या. आईने तो नखाने खरवडला, अंगणातल्या दगडावर आपटला, मग म्हणाली, "ह्यात काय घातलंय?" सिमेंट, सोळा घमेली मातीला एक घमेलं. इथून तिचा विरोध संपला आणि चौकशी सुरू झाली.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चुकलं तरी जॉब परत येतो. इंटरलॉक ब्लॉककडे मी ओढला गेलो तो याच कारणाने. हे बांधकाम मला ओळखीचं वाटलं, कारण इथे सुटा भाग आधी तयार होतो, तपासला जातो आणि मगच जोडला जातो.

आमच्या भागात हे नवीन असलं तरी कल्पना जुनी आहे. हाताने दांडा ओढून माती दाबायचं यंत्र कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९५० च्या दशकात राउल रामिरेझ या इंजिनिअरने बनवलं. ते सिन्वा-राम या नावाने जगभर गेलं. आमच्या कर्नाटकात बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' नावाचा विभाग सुरू झाला आणि तिथल्या लोकांनी सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या ब्लॉकवर वर्षानुवर्षं काम केलं. तमिळनाडूत ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने सळई घालण्यासाठी भोकं असलेले, एकमेकांत अडकणारे ब्लॉक तयार केले, ते मुख्यतः भूकंपाचा विचार करून. केरळात तर इंटरलॉक विटांची घरं गल्लोगल्ली दिसतात. भारतीय मानक ब्यूरोचं अशा ब्लॉकसाठी आयएस १७२५ हे मानक आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कर्जासाठी गेलो त्या बँकेत 'मातीचं' हा शब्द ऐकताच फाईल बाजूला ठेवली गेली. मानकाची प्रत आणि लॅबचा कागद दाखवल्यावर पुढचं बोलणं झालं. पंचायतीच्या परवानगीला मात्र त्रास नाही. ई-स्वत्तूवरचे, म्हणजे गावातल्या मिळकतींच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचे, उतारे असले आणि नकाशा असला की भिंत कशाची हे कोणी विचारत नाही.

आता माती.

खानापूर म्हटलं की कौलं, विटा आणि मडकी. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था खानापुरात आहे ती उगीच नाही. मलप्रभेकाठची चिकण माती तशी आहेच. माझा समज होता की जी माती कौलाला चांगली ती ब्लॉकलाही चांगली. गावातला एक जुना वीटभट्टीवाला आज्जा मला शेतात घेऊन गेला आणि त्याने ओढ्याकाठची माती बोटांत चोळून दाखवली. तुळतुळीत, बोटाला धरून राहणारी. "ही कौलाची माती गा. भाजली की दगड. तुझ्या यंत्राला नको, ती आटते. तुला माळावरची पाहिजे, हाताला खरखरणारी."

आज्जाने एका वाक्यात सांगितलं ते मला पुढे पुस्तकांतही तसंच सापडलं. भाजलेल्या विटेत चिकण मातीच आगीने दगड बनते, म्हणून ती भरपूर लागते. ब्लॉक भाजायचा नसतो. त्यात सिमेंट वाळूच्या कणांना धरून ठेवतं आणि चिकण माती फक्त ब्लॉक साच्यातून बाहेर काढताना मोडू नये म्हणून लागते. चिकण जास्त झाली की वाळताना ब्लॉक आकसतो, तडकतो आणि सिमेंट वाढवूनही फारसा सुधारत नाही. वाळू निम्म्याहून बरीच जास्त आणि चिकण साधारण दहा ते वीस टक्के, ही माती चांगली. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या माळाखाली जांभ्याची जी लाल मुरमाड माती आहे ती जवळजवळ अशीच आहे. माझे एक मावसे सौंदत्तीकडे असतात. त्यांनी घर बघून लगेच विचारलं, आमच्याकडे करता येईल का? तिथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या मातीचा ब्लॉक मी तरी करणार नाही. त्यांना मी बाहेरून मुरूम आणायचा खर्च धरायला सांगितलं, आणि तो धरल्यावर हिशेब जमत नाही हेही सांगितलं.

माती निवडायला लॅब लागत नाही, वेळ लागतो. लोणच्याची काचेची बरणी तिसऱ्या हिश्शापर्यंत मातीने भरायची, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, त्यावर अर्ध्या तासात पोयटा, आणि चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत बसत राहते. थर पट्टीने मोजता येतात. दुसरी चाचणी मला जास्त भरवशाची वाटली. ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि ४ खोल असा लाकडी खोका करायचा, आतून तेल लावायचं, ओली माती ठासून भरायची आणि वाळू द्यायची. वाळल्यावर माती एका टोकाला ढकलून दुसऱ्या टोकाची फट मोजायची. १५ मिलिमीटरपर्यंत फट पडली तर अठरा भाग मातीला एक भाग सिमेंट चालतं. १५ ते ३० मध्ये सोळाला एक. त्याहून जास्त आटली तर सिमेंट वाढवत न्यावं लागतं, आणि खर्च वाढायला लागला की माती बदलणं किंवा तिच्यात वाळू मिसळणं बरं. आमची फट दोन सेंटिमीटरच्या आसपास होती. ओढ्याकाठची माती मी मुद्दाम त्याच खोक्यात भरून बघितली. तिला मधे तडे गेले आणि ती कमानीसारखी वर उचलली गेली. आज्जाला ते बघून फार समाधान वाटलं.

वरची दीड-दोन फूट माती काढून बाजूला ठेवली, कारण तिच्यात मुळं आणि पालापाचोळा असतो. ती परत शेतात पसरली. खालची काढली, वाळवली, चाळली. चाळण महत्त्वाची: पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठा खडा ब्लॉकच्या कडेला आला की तिथली कड उडते, आणि कड उडालेला ब्लॉक नीट बसत नाही. एकूण साडेचार-पाच ब्रास माती लागली.

यंत्र हुबळीकडून भाड्याने आणलं. हाताचं, लांब दांड्याचं. ब्लॉक ३०० मिलिमीटर लांब, १५० रुंद, १०० उंच. मोटारीवर चालणारी यंत्रं जास्त ब्लॉक काढतात, पण मी हाताचंच निवडलं. त्याचं कारण इंटरलॉक काम करणाऱ्याने नक्की समजून घ्यावं. काही हायड्रॉलिक यंत्रं ठराविक दाब येईपर्यंत दाबतात. माती थोडी कमी-जास्त पडली की दाब तोच राहतो आणि ब्लॉकची उंची बदलते. हाताच्या यंत्रात दांड्याची फेक ठरलेली असते, म्हणून उंची तीच राहते आणि मातीच्या फरकाने बदलतो तो घट्टपणा. मालाच्या भिंतीत उंचीचा फरक गवंडी मालात झाकून टाकतो. इथे माल नाही. जोत्यापासून लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्यापर्यंत, २१०० मिलिमीटर म्हणजे एकवीस थर. प्रत्येक ब्लॉक एका टोकाला एकच मिलिमीटर जास्त निघाला तर वर पोचेपर्यंत भिंत दोन सेंटिमीटर वाकडी. म्हणून मला उंची पक्की हवी होती, आणि घट्टपणा माती मोजून सांभाळता येतो. आम्ही एक पत्र्याचा डबा कापून त्याचं माप केलं. प्रत्येक वेळी तोच डबा काठोकाठ भरायचा आणि पट्टी फिरवून वरची माती काढून टाकायची.

साचा आला तेव्हा आतल्या पट्ट्या झिजलेल्या होत्या. वाळू लोखंड खाते, त्याला इलाज नाही. त्या मी उद्यमबागेत नव्या करून घेतल्या आणि सोबत उंची तपासायचा एक गेज बनवून आणला: दोन खाचांचा पत्र्याचा तुकडा. ब्लॉक मोठ्या खाचेत गेला पाहिजे आणि लहान खाचेत जाता कामा नये. आमच्या शॉपमध्ये हे रोजचं काम आहे. अंगणात ते आल्यावर कोणालाही, अगदी शाळेतल्या पोरालाही, ब्लॉक पास की नापास हे सांगता यायला लागलं.

दाबायला आईच्या स्त्रीशक्ती बचत गटातल्या बायका आल्या, भातमळणी उरकल्यावर, मजुरी ठरवून. दांड्यावर दोन तरुण पोरं आणि माती कालवायला, भरायला, ब्लॉक उचलून मांडायला बायका. ओलाव्याचा निर्णय दुसऱ्याच दिवसापासून आईकडे गेला. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी, आणि चपटा होऊन तसाच राहिला तर पाणी जास्त. तिला गोळा टाकायची गरजही पुढे पडेना, हात घातला की सांगायची, "अजून तांब्याभर शिंपड." पीठ मळण्यात जिचा जन्म गेला तिच्या हाताला हे कळणारच. मी तपासायला म्हणून अधूनमधून गोळा टाकायचो आणि तो दरवेळी चार-पाच तुकड्यांतच फुटायचा.

एक शिस्त मात्र सगळ्यांना लावून घ्यावी लागली. सिमेंट आधी कोरड्या मातीत रंग एकसारखा होईपर्यंत कालवायचं, मग झारीने पाणी, आणि पाणी घातलेली माती अर्ध्या-पाऊण तासात दाबून संपवायची. जेवायची वेळ झाली म्हणून कालवलेली माती झाकून ठेवली तर तिच्यातलं सिमेंट तिथेच धरायला लागतं आणि मग दाबून उपयोग नाही. म्हणून लहान लहान घाणी करायच्या. मोठी घाणी करून वेळ वाचतो असं सगळ्यांना वाटतं. तो वाचत नाही.

ताजा ब्लॉक सात-आठ किलोचा आणि फार नाजूक असतो. दोन्ही तळव्यांनी बाजूंनी धरायचा, कोपऱ्याला धरायचा नाही. पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली, मग रास करून वर पिंजर आणि पोती, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. चार आठवडे. हा चार आठवड्यांचा मुक्काम लोकांना सगळ्यात जड जातो. ब्लॉक आठवड्यात दिसायला पक्का दिसतो आणि गवंडी म्हणतो घ्या आता. घेऊ नये. उन्हाळ्यात बोअरचं पाणी कमी झाल्यावरही आईने भांडी धुतलेलं पाणी पिंजरावर टाकलं, पण रास कोरडी पडू दिली नाही. एका पोत्यात शंभराच्या आसपास ब्लॉक होतात, त्या हिशेबाने सगळ्या भिंतींना पंचवीसेक पोती सिमेंट लागलं. चार आठवड्यांनी काही ब्लॉक बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दाबून बघितले, पाण्यात भिजवून. भिजलेल्या ब्लॉकचीच ताकद बघायची असते. सुका ब्लॉक त्याच्या कितीतरी जास्त भार घेतो आणि तो आकडा बघून फसायला होतं. एक मजली घराला पुरेल एवढा निकाल आला.

पाया आणि जोतं चिऱ्याचं केलं. इथे मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या गावाजवळ चांगल्या चिऱ्याची खाण असेल आणि वाहतूक थोडी असेल, तर चिऱ्याचंच घर बांधा. त्याच्याइतकं आपल्या पावसाला ओळखणारं दुसरं काही नाही. आमच्यापर्यंत चिरा आणायला भाडं फार पडत होतं, आणि माती स्वतःच्या माळाची होती. जोतं मात्र चिऱ्याचंच, दोन फूट उंच, कारण २०१९ ला घर तळातूनच गेलं होतं.

जोत्यावर मिस्त्री आणि माझी खरी चर्चा झाली. मिस्त्री फुटात बोलतात, सुतारही फुटात. ब्लॉक ३०० मिलिमीटरचा, फूट ३०४.८. एका ब्लॉकला फरक दिसत नाही, पण बारा फुटांच्या खोलीला बारा ब्लॉक लावले की सव्वादोन इंच कमी पडतात. मालाच्या कामात हा फरक सांध्यांत सहज जिरून जातो. इथे भिंतीची लांबी अर्ध्या ब्लॉकच्या पटीतच हवी, नाहीतर दर थराला एक ब्लॉक कापावा लागतो आणि कापलेल्या ब्लॉकला कुलूप राहत नाही. म्हणून आम्ही घरच ब्लॉकमध्ये मोजलं: बाहेरून चोवीस लांब, बारा रुंद, मधे एक आडवी भिंत. दरवाजाची चौकट बाहेरून तीन ब्लॉक, खिडकी चार ब्लॉक रुंद. सुताराला फुटात माप न देता मी तीन ब्लॉक ओळीने जमिनीवर मांडले आणि म्हणालो, चौकट ह्यात बसली पाहिजे. त्याला तेच सोपं गेलं.

पहिला थर आधी संपूर्ण कोरडा मांडला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी फेरी, दरवाजाच्या जागा सोडून. फट कुठे राहते, कुठे दाटतं ते बघितलं, कर्ण मोजले. मगच तो थर उचलून मालावर बसवला. हा एकच थर मालात असतो आणि त्याच्यावरच सगळं घर चढतं. पाण्याची नळी लावून प्रत्येक ब्लॉकची पातळी बघितली. मिस्त्रींना हा वेळ वाया वाटत होता. "एवढ्या वेळात मी विटांचे चार थर चढवले असते," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. पण दुसऱ्या थरापासून ते स्वतःच गप्प झाले, कारण ब्लॉक ठेवायचा, रबरी हातोडीने एक ठोका द्यायचा आणि पुढे. सूत फक्त तपासायला. चौथ्या-पाचव्या थरानंतर त्यांनी ओळंबा लावला, बघितला, पुन्हा लावला आणि मला हाक मारून दाखवला. तीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला ते दाखवावंसं वाटलं, यात मला फार आनंद झाला.

आम्ही बांधलं तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात होतं. म्हणून कोपऱ्यांत, भिंती मिळतात तिथे आणि दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना पायापासून १० मिलिमीटरच्या सळ्या उभ्या वर आणल्या आणि त्या भोकांत बारीक खडीचं पातळ काँक्रीट दर तीन-चार थरांनी ओतलं. एकदम वरून ओतायचं नाही. मधे हवा अडकते आणि पोकळी राहते, जी बाहेरून कधीच दिसत नाही. ओतायच्या आधी भोकात पाणी सोडायचं, नाहीतर कोरडा ब्लॉक काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतो. जोत्यावर, खिडकीच्या खाली आणि लिंटेलला यू आकाराचे ब्लॉक लावले. त्या पन्हळीत दोन सळ्या आणि काँक्रीट भरलं की घराभोवती पट्टा तयार होतो आणि वेगळं सेंट्रिंग लागत नाही. उरलेल्या रिकाम्या भोकांतून लाईटच्या पाइपा गेल्या. त्यासाठी वायरमनला भिंत सुरू होण्याआधीच बोलवावं लागतं. नंतर भिंत फोडायची सोय इथे नाही.

वर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि मंगळुरी कौलं. पागोळी भिंतीपासून अडीच फूट बाहेर. यावर मी कोणाचंच ऐकलं नाही. कोरड्या सांध्याची भिंत सरळ पावसाला पुरते, पण पश्चिमेच्या जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्या आडव्या झडीला दोन ब्लॉकमधली केसाएवढी वाटही पुरते. म्हणून बाहेरून सगळ्या दरजा भरल्या आणि पश्चिमेच्या भिंतीला चुना, सिमेंट आणि वाळूचा पातळ गिलावा केला. नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा मातीच्या ब्लॉकवर पुढे सुटतो, म्हणून चुना. आतून गिलावा नाही. लाल ब्लॉक तसेच ठेवले आहेत. आईला सुरुवातीला ते अर्धवट काम वाटलं, आता ती पाहुण्यांना सांगते की रंग द्यायचा खर्च नाही.

खर्चाचं विचाराल तर भिंती विटांपेक्षा स्वस्त पडल्या, पण फार नाही. वाचलं ते मालाचं सिमेंट, आतला गिलावा आणि रंग. आणि भिंतीवरच्या पैशातला मोठा भाग गावातल्याच बायकांच्या हातात मजुरी म्हणून गेला, जो एरवी वाहतुकीत गेला असता. माझ्या दृष्टीने हा हिशेब जास्त मोठा आहे. घर एकूण स्वस्त झालं असं मात्र म्हणता येणार नाही, कारण पाया, छप्पर, दारं-खिडक्या आणि फरशी यांचा खर्च तोच राहतो.

पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडकीच्या कोपऱ्यात आत ओल आली. बाकी सगळ्या भिंती कोरड्या. खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला खालून पाणी तुटण्याची खाच नव्हती. पाणी दगडाखालून मागे वळून सांध्यात शिरत होतं. पाऊस थांबल्यावर दगड बदलला, दीड इंच पुढे काढून खाच मारलेला बसवला. पुढच्या पावसाळ्यात तो कोपरा कोरडा राहिला. जोत्याभोवती मुरूम टाकून उतार केला आहे आणि खालच्या दोन थरांवर पाणी उडतं का हे आई प्रत्येक झडीनंतर बघते.

गटातल्या दोघींनी यंत्र विकत घ्यायचं ठरवलं आहे. बोलणी चालू आहेत. त्यांच्यासाठी मी साच्याच्या पट्ट्यांचा एक जास्तीचा संच आणि दोन गेज करून ठेवले आहेत. आमच्या घराला मागच्या बाजूला अजून एक खोली जोडायची आहे. त्यासाठी मागच्या भिंतीत खिडकीखालच्या ब्लॉकच्या भोकांत काँक्रीट भरलेलं नाही, आणि खिडकीखालचा पट्टाही तेवढ्या जागेत खंडित ठेवला आहे. खिडकीच्या दोन्ही बाजूंना सळ्या आहेतच. चौकट काढली की खालचे ब्लॉक वरून एकेक उचलता येतील, तिथे दार होईल आणि निघालेले ब्लॉक नव्या खोलीच्या पहिल्या थरात बसतील. माती चाळून पत्र्याखाली ठेवली आहे. मळणी झाली की दाबायला सुरुवात करायची.